पंडिता रमाबाईंचा ईश्वरावरील भरंवसा

पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत ख्रिस्ती दीक्षा घेतली. परंतु तारण स्वप्रयत्नानें नव्हे, केवळ ईश्वरकृपेनें होतें, हा निश्चय त्यांस पुढें सुमारें आठ वर्षांनीं झाला, असें त्यांच्या १९०७ च्या आत्मनिवेदनावरून दिसतें.

या श्रद्धेची कसोटी १८९६–९७ च्या दुष्काळांत लागली. शारदा सदनास अमेरिकेंतून दहा वर्षांपुरतें कबूल झालेलें साहाय्य १८९८ च्या सुमारास संपावयाचें होतें; तरीहि बाईंनीं मध्यप्रांतांतील शेंकडों मुली केडगांवीं आश्रयास आणिल्या. हा भरंवसा निरुद्योगी मात्र नव्हता. तेथें विहिरी खोदविल्या, शेती केली; मूळ हिब्रू-ग्रीकवरून बाईंनीं केलेलें बायबलाचें भाषांतर तेथील छापखान्यांत मुलींनींच छापिलें. द्रव्यबळाच्या हिशेबानें हें धाडस उलगडत नाहीं. त्यास तें निवेदनच प्रमाण धरावें लागतें.