कोयता आणि चूल

महाराष्ट्रांतील साखरेचा इतिहास ज्यांनीं ज्यांनीं लिहिला, त्यांनीं तो बहुधा धरणापासून किंवा कारखान्याच्या धुराड्यापासून आरंभिला आहे. प्रवरेवरील भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, १९३२ सालीं सरकारनें देशी साखरेस जकातीचें संरक्षण दिलें, विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीनें प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ मध्यें निघाला, हे टप्पे बहुतेक सुशिक्षितांस ठाऊक असतात. ते महत्त्वाचे आहेत यांत संशय नाहीं. परंतु या इतिहासांत एक चूल सांपडत नाहीं. ऊस कोणीं लावला, कोणीं गाळला आणि नफा कोणीं वांटून घेतला हें सर्व सांपडतें. पण तो तोडणारें माणूस पहाटे काय खाऊन शेतांत उतरलें, आणि तें अन्न कोणीं किती वाजतां उठून रांधलें, याची नोंद कोठें नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही ती चूल शोधूं पाहतों. आणि ती शोधावयाची तर कारखान्याच्या गांवीं न जातां प्रथम बीड जिल्ह्यांत गेलें पाहिजे.

बीड जिल्ह्याच्या उत्तरेस गोदावरी व दक्षिणेस मांजरा आहे, आणि मध्यें बालाघाटाचा डोंगर आडवा पसरला आहे. गोदेकांठच्या काळ्या जमिनीची गोष्ट वेगळी. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या बाजूंस गेलें म्हणजे माळाची हलकी जमीन लागते. सह्याद्रीनें अडविलेल्या पावसाचें जें उरलेंसुरलें या मुलखाच्या वांट्यास येतें, त्यावर बाजरी व तूर पिकली तर पिकली. दसऱ्याच्या सुमारास बाजरीचीं कणसें घरांत येतात, आणि त्यानंतर थेट पुढील मृगापर्यंत अशा जमिनीवर हातांस फारसें काम उरत नाहीं. शिवाय १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. सरहद्दीपलीकडे इंग्रजी अमलांतल्या नगर, पुणें व सोलापूर जिल्ह्यांत मात्र कालवे खणले जात होते. ते कालवे खणतांना हेतु दुष्काळनिवारणाचा सांगितला होता. पाणी मात्र उंसाच्या मुळाशीं गेलें. बेलापूर, वालचंदनगर, माळीनगर येथें कारखाने उभे राहिले, आणि पुढें सहकाराच्या युगांत तर ते गांवोगांव झाले.

येथें एक शंका सहज येते. बागायती गांवांतही भूमिहीन मजूर होतेच. मग कारखान्यांनीं शेंदीडशें कोसांवरून माणसें आणावयाचें कारण काय? आमच्या मतें कारण मजुरीच्या दरांत जितकें आहे, तितकेंच घराच्या अंतरांत आहे. गांवचा मजूर संध्याकाळीं घरीं जातो. त्याच्या घरीं लग्न असतें, आजार असतो, गांवची जत्रा असते. तोडलेला ऊस मात्र थांबत नाहीं. तो लवकर गाळला नाहीं तर वाळतो व साखरेचा उतारा घटतो. म्हणून रात्रीं दोन वाजतां मालमोटार आली तरी ती त्याच वेळीं भरली पाहिजे. अशा कामास ज्याला संध्याकाळीं जावयास घरच नाहीं असा मजूर हवा, आणि ज्याचें घर त्याच्याबरोबर फडांतच येऊन राहिलें आहे तो तर सर्वांहून सोयीचा. कारखान्यानें नुसता मजूर आणला नाहीं, त्यानें सबंध घर आणलें, आणि त्या घराचें भाडें, सरपण व स्वयंपाक यांचा खर्च त्या घरावरच टाकला. १९७२ च्या दुष्काळानें तर ज्यांनीं आजवर गांव सोडला नव्हता त्यांनाही ही वाट दाखविली. पुढें पैठणला जायकवाडीचें धरण झालें, माजलगांवाकडे पाणी आलें, परळीजवळ पांगरीसारख्या ठिकाणीं खुद्द बीड जिल्ह्यांतही कारखाने उभे राहिले. तरी डोंगरावरील गांवें दसऱ्यानंतर रिकामीं व्हावयाचीं थांबलीं नाहींत.

त्या निघण्याचें वर्णन आतां करूं. पूर्वीं हा प्रवास बैलगाडीचा होता. पाटोद्याकडून सांगली-कोल्हापूरकडे जावयाचें म्हणजे रोज आठदहा कोसांची मजल धरली तरी दहाबारा मुक्काम सहज पडत. एका गाडींत जें मावेल तेवढाच संसार. बाजरीचें पोतें, पिठाचा डबा, तवा, परात, पाण्याचा हंडा, चटणीमिठाचें गाठोडें, घोंगड्या, कोपी उभारण्यासाठीं बांबू व ताडपत्री, बैलांचा थोडा कडबा, पिंजऱ्यांत दोन कोंबड्या, मागें दाव्याला बांधलेली शेळी, आणि या सर्वांच्या वर बसविलेलें लहान मूल. मोठें मूल न्यावयाचें कीं ठेवावयाचें, हा प्रश्न निघण्याच्या आदल्या रात्रीं सुटे. मुलगी असेल तर ती बहुधा नेली जाई, कारण धाकट्यास सांभाळावयास कोणी तरी हवें. मुक्कामाच्या जागीं पुरुष बैल सोडून त्यांस पाणी दाखवी. बाई तीन दगड मांडून चूल पेटवी. दिवसभर चालून आल्यावर विसावा बैलांस मिळे, पुरुषांसही थोडा मिळे. बाईचा दिवस तेथून पुढें सुरू होई.

आतां बैलगाड्यांची जागा बहुतांशीं ट्रक व ट्रॅक्टर यांनीं घेतली आहे आणि दहा मुक्कामांचा प्रवास एका रात्रीवर आला आहे. परंतु गाठोड्यांतील वस्तूंची यादी फारशी बदललेली नाहीं. आगगाडीचा उपयोग या लोकांस कधीं झालाच नाहीं. परळीस स्टेशन पूर्वींपासून होतें, पण बीड शहरांत पहिली गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं, म्हणजे निजामी राजवट संपल्यास बरोबर ७७ वर्षें झालीं त्या दिवशीं. नगर-बीड-परळी मार्गास मंजुरी मिळाली होती १९९५ मध्यें. तीस वर्षें रुळांची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यांतील लाखों माणसें त्याच काळांत दरवर्षीं ट्रकांत बसून जिल्ह्याबाहेर जात होतीं, हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकानें टिपून ठेवण्यासारखा आहे.

फडावर पोंचल्यानंतर या घराचें नांवच बदलतें. त्याला 'कोयता' म्हणतात. कोयता म्हणजे ऊस तोडण्याचें हत्यार हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु मुकादमाच्या वहींत कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. दक्षिण गुजरातेंत बारडोलीकडे ऊस तोडावयास जाणाऱ्या खानदेशी जोडप्यांसही हाच शब्द लागतो. आम्हांस या शब्दाइतका बोलका पुरावा दुसरा आढळला नाहीं. दोन माणसांचें मिळून एक हत्यार झालें, आणि हिशेब त्या हत्याराशीं चालूं लागला. हंगामापूर्वीं जी आगाऊ रक्कम मिळते ती 'उचल'. ती कोयत्याला मिळते, पण तिचा व्यवहार मुकादम व नवरा यांच्यांतच होतो. बायकोचा हात त्या रकमेस बहुधा लागत नाहीं. ती फेडण्यास मात्र तिचे दोन्ही हात लागतात. आजारामुळें किंवा बाळंतपणामुळें एक दिवस चुकला तर तो 'खाडा', आणि खाड्याचा दंड कोयत्याच्या नांवावर पडतो.

कोपींतला दिवस पहाटे तीनच्या सुमारास उजाडतो. पाणी कोठून आणावयाचें हें फडाफडावर अवलंबून. कोठें विहीर, कोठें शेतकऱ्याचा पंप, कोठें नुसता पाट. त्या अंधारांत पाणी, सरपण, भाकरी, कोरड्यास आणि दुपारची शिदोरी इतकें आटोपून सूर्योदयापूर्वीं फडांत हजर व्हावयाचें. पुरुष ऊस छाटीत जातो; बाई पाचट बाजूस सारून ऊस गोळा करते, वाढें काढते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवरून वर चढते. मूल बांधावर, उंसाच्या पाल्यावर निजलेलें. संध्याकाळीं परत आल्यावर पुन्हां पाणी, पुन्हां चूल, धुणें, भांडीं. आणि मग ट्रकची वाट. या सर्व धांदलींत घरखर्चास रोख पैसा येतो तो उचलींतून क्वचितच. तो येतो वाढें विकून. उंसाचा हिरवा शेंडा गुरांसाठीं जवळच्या गांवांत विकला जातो, आणि त्या सुट्या नाण्यांवर तेल, मीठ, चहा व पोरांचा खाऊ चालतो. ज्या उद्योगाच्या उलाढाली कोटींनीं मोजतात, त्याच्या पायथ्याशीं असलेला स्वयंपाक त्याच उंसाच्या टाकाऊ शेंड्यावर चालावा, हें अर्थशास्त्राच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकांत आमच्या वाचनांत आलें नाहीं.

येथें एक विषय संकोचाचा आहे, तरी टाळतां येत नाहीं. फडावर आडोसा नसतो, न्हाणी नसते, शौचकूप नसतो. आणि खाड्याच्या धाकानें विटाळाच्या दिवसांतही विसावा नसतो. पोटाच्या तक्रारी घेऊन बायका डॉक्टरांकडे जात, आणि अनेकींस गर्भाशय काढून टाकण्याचा सल्ला मिळे. २०१९ सालीं या प्रकाराची विधिमंडळांत चर्चा होऊन नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें समिति नेमली. बीड जिल्ह्यांत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली; त्यांपैकीं १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. सहा बायकांमागें एक. आम्ही वर्गांत इंग्लंडची औद्योगिक क्रांति शिकवितों. लँकेशायरच्या गिरण्यांतील मुलांचे कामाचे तास व १८३३ चा कायदा आमच्या विद्यार्थ्यांस मुखोद्गत असतो. वरील दोन आंकडे त्यांपैकीं किती जणांस ठाऊक आहेत, हें विचारण्याचें आम्हांस धैर्य होत नाहीं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हे लोक आपखुषीनें जातात, रोख रक्कम मिळवितात, त्यांतून लग्नें होतात, विहिरी खणल्या जातात, पत्र्याचीं घरें पक्कीं होतात, असें बागायतदार म्हणतात. आणि तें खोटें नाहीं. बीडच्या डोंगरांतील पुष्कळशीं सिमेंटचीं घरें उंसानें बांधलीं आहेत. संघटना झाल्या, संप झाले, गोपीनाथ मुंडे यांच्यासारखा पुढारी याच मुलखांतून निघाला आणि त्यांच्या नांवानें कल्याणकारी महामंडळही स्थापन झालें. २०२४ च्या जानेवारींत वाटाघाटी होऊन तोडणीचा दर शेकडा ३४ नें वाढला. पण हा दर टनाचा आहे. पहाटे तीनची भाकरी त्या टनांत बसत नाहीं, आणि दर कितीही वाढला तरी ती बसणार नाहीं, कारण ती मोजण्याची पद्धतच मुळीं नाहीं. शिवाय अर्ध्या कोयत्यास उचल कमी मिळते म्हणून पोराचें लग्न लवकर उरकावें, आणि वयांत आलेली पोर गांवीं एकटी ठेवण्यापेक्षां तिचेंही उरकावें, असा हिशेब घरोघर होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत बीड जिल्ह्यांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेकडा ४३ हून अधिक स्त्रियांचीं लग्नें अठरा वर्षांच्या आंत झालेलीं निघालीं. केवळ रूढीकडे बोट दाखवून या आंकड्याचा उलगडा होतो असें आम्हांस वाटत नाहीं. मुकादमाच्या वहीचा त्यांत वांटा आहे.

मुलांच्या बाबतींत मात्र थोडा पालट दिसतो. कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या. गांवांत हंगामी वसतिगृहें निघालीं. २०२१ मध्यें संत भगवानबाबा यांच्या नांवानें या मुलामुलींसाठीं सरकारी वसतिगृहांची योजना मंजूर झाली. मूल गांवीं राहिलें म्हणजे संसाराचे दोन तुकडे होतात. एक चूल फडावर, दुसरी म्हाताऱ्या आजीच्या हाताखालीं. पूर्वीं फडावरून निरोप यावयाचा तो परतणाऱ्या एखाद्या गाडीवानाच्या तोंडीं. आतां आई रात्रीं मोबाइलवर मुलीस विचारते कीं, आजीनें औषध घेतलें का, दळण आणलें का, शेळीस पाणी दाखविलें का. शेंदीडशें कोसांवरून घर चालविण्याची ही रीत आमच्या मध्यमवर्गीय गृहिणींस, विशेषतः ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्यांस, अगदींच अपरिचित वाटूं नये. भेद इतकाच कीं, ही आई तें विचारतांना मोळी बांधून नुकतीच परतलेली असते आणि तिचा तवा अजून चुलीवर असतो.

हंगाम आटोपून पाडव्याच्या मागेंपुढें गाड्या परततात. सहा महिने बंद असलेल्या घराचें कुलूप निघतें. भिंतींस पोपडे आलेले, कोठें वाळवी लागलेली, मागच्या दारीं उंदरांनीं उकरलेलें. विहीर आटलेली, टँकर केव्हां येईल तो येईल. पुरुष मुकादमाकडे हिशेबास जातो. उचल फिटली असेल तर ठीक. न फिटली तर बाकी पुढील वर्षाच्या पानावर चढते. बाई तोंवर शेणमाती कालवून जमीन सारवावयास घेते, गोधड्या उन्हांत टाकते, शिल्लक बाजरी निवडते. मृगास अजून अवकाश असतो, आणि बियाण्यास पैसे हवे असतात. ते पैसे कोठून आणावयाचे याची बोलणी होतात, आणि मुकादम पुढील हंगामाच्या उचलीची रक्कम सांगून जातो.