सुई थरथरते तेव्हा

तर मंडळी, आज सुरुवात माझ्याच एका आगाऊपणाने.

काही वर्षांपूर्वी कंपनीच्या ट्रेनिंगसाठी तीन आठवडे सिंगापूरला होतो. त्या दिवसांत मला एक ट्यूनर प्रोग्रॅम लिहायचं खूळ लागलं होतं. मायक्रोफोनमधून आवाज घ्यायचा, त्याची कंपनसंख्या काढायची आणि स्क्रीनवर एक सुई नाचवायची. सूर बरोबर असला तर सुई मधोमध आणि हिरवी, जरा इकडेतिकडे झाला की लाल. काम साधंच, पण दिसेल त्याला ते दाखवल्याशिवाय चैन पडत नसे.

माझ्या शेजारच्या टेबलावर बालीचा एक मुलगा बसायचा. तो आपल्या गावच्या गामेलान मंडळात वाजवायचा. गामेलान म्हणजे काशाच्या पट्ट्या, घंटा आणि झांजांचा मोठा ताफा. वीस-पंचवीस माणसं मिळून वाजवतात. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने मोठ्या हौसेने मंडळाचं रेकॉर्डिंग ऐकवलं. मी लगेच लॅपटॉप पुढे केला. सुई लाल! आणि नुसती लाल नाही, एका जागी थांबेचना. सारखी थरथरत होती.

मी म्हटलं, "तुमच्या वाद्यांचं ट्यूनिंग गेलंय. जोडीची दोन वाद्यंसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीयेत."

तो रागावला नाही. म्हणाला, "तशी जुळवली तर आवाज मरून जाईल." आणि त्याने लॅपटॉप मिटला. उरलेले दोन आठवडे आम्ही रोज बरोबर जेवलो, पण त्याने मला पुन्हा काही ऐकवलं नाही.

हे ऐकवणं बंद होणं मला पुढे बरीच वर्षं टोचत राहिलं. माझं गणित चुकलेलं नव्हतं. मग चुकलं काय? त्याचं उत्तर शोधता शोधता मी जाऊन पोचलो व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनमध्ये, एका मखमली टोपीवाल्या म्हाताऱ्याकडे.

त्याचं नाव अलेक्झांडर जॉन एलिस. जन्म १८१४, मृत्यू १८९०. एका नातेवाइकाच्या इच्छेप्रमाणे लहानपणीच ह्याचं आडनाव शार्पचं एलिस केलं गेलं आणि त्या बदल्यात इतका पैसा मिळाला की आयुष्यभर नोकरीची ददात नव्हती. (आपल्यापैकी किती जण ह्या बोलीवर आजच आडनाव बदलतील, हात वर करा.) केंब्रिजला गणित शिकला आणि रमला उच्चारशास्त्रात. 'पिग्मॅलियन'च्या प्रस्तावनेत बर्नार्ड शॉने ह्याची आणि ह्याच्या टोपीची आठवण काढली आहे. म्हणजे आपल्या पुलंच्या 'ती फुलराणी'तल्या प्राध्यापकाच्या गोतावळ्यातला हा एक थोरला काका समजा.

पण ह्याची दुसरी ओळख मला जास्त भावली. एलिसला सुराचा कान अजिबात नव्हता. आणि ह्याच माणसाने जगभरच्या सप्तकांची मोजदाद केली!

कशी? तर विस्पंद मोजून. शाळेत शिकलेलं आठवतंय? दोन आवाज जवळजवळ सारखे असले, पण अगदी सारखे नसले, तर एकत्र वाजताना आवाज कमी-जास्त, कमी-जास्त होतो. एक ४४० हर्ट्झ आणि दुसरा ४४२ असेल तर सेकंदाला दोन हेलकावे. एलिसकडे कंपनसंख्या ठाऊक असलेल्या नादकाट्यांचा मोठा संच होता. वाद्याचा सूर वाजवायचा, त्याच्या जवळचा नादकाटा वाजवायचा आणि हेलकावे मोजायचे. २५६ च्या काट्याशी सेकंदाला तीन हेलकावे आले तर सूर २५९ किंवा २५३. नेमका कुठला ते शेजारच्या काट्यावरून ठरवायचं. सूर ओळखता येण्याची गरजच नाही, नुसतं मोजता यायला हवं. शिवाय मदतीला ब्रॉडवुड ह्या पियानोच्या कंपनीतला आल्फ्रेड हिपकिन्स होता. कान हिपकिन्सचा, गणित एलिसचं.

मग प्रश्न आला युनिटचा. कंपनसंख्यांची गुणोत्तरं लिहीत बसलं तर तुलना करणं कठीण. एलिसने सरळ लॉगॅरिदम घेतला आणि सा ते वरचा सा ह्या अंतराचे १२०० भाग केले. एका भागाला नाव दिलं सेंट. पियानोच्या लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट. माझ्या प्रोग्रॅममधली सुई ज्या युनिटवर नाचत होती ते हेच. म्हणजे मी बालीच्या मुलाला ज्या पट्टीने झापलं, ती पट्टीच मुळात एलिसने बनवली होती. आणि ती बनवली होती कशासाठी, तर नेमकं माझ्यासारख्यांचं तोंड बंद करण्यासाठी.

त्याचं असं झालं. १८८२ साली जावा बेटावरून एक गामेलान लंडनला आला, वेस्टमिन्स्टरच्या रॉयल ॲक्वेरियममध्ये त्याचे कार्यक्रम झाले. एलिस आणि हिपकिन्स नादकाटे घेऊन पोचले. त्यांना काय सापडलं? स्लेंद्रो नावाच्या तिथल्या पाच सुरांच्या सप्तकात सगळी अंतरं जवळजवळ सारखी, म्हणजे साधारण २४०-२४० सेंटची. आपल्या भूपातही पाचच सूर, पण त्यात दोन अंतरं मोठी आणि तीन लहान. सगळी समान केली की मामला पार बदलतो. २४०, ४८०, ७२०, ९६०. सा सोडला तर एकही सूर पेटीच्या पट्टीवर नेमका बसत नाही. १८८५ साली लंडनच्या प्रदर्शनात सयामच्या दरबारचे वादक आले. तिथे सप्तकाचे सात समान भाग निघाले, प्रत्येकी सुमारे १७१ सेंट. राजा रामपाल सिंह तेव्हा लंडनमध्ये होते, त्यांनी सतार वाजवून दाखवली, तेही मोजलं. अरबी, चिनी, जपानी, जे जे हाताशी आलं ते सगळं मोजून झालं.

ह्यातला बराचसा डेटा एलिसने १८८५ च्या मार्च महिन्यात लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये वाचलेल्या निबंधात मांडला. त्याचा निष्कर्ष थोडक्यात असा: जगात सप्तक एकच नाही, ते निसर्गाने आखून दिलेलं नाही, ते माणसांनी आपापल्या आवडीने आणि बरंचसं मनमानीने घडवलेलं आहे.

आज हे वाचून कुणाला फारसं काही वाटणार नाही. पण तो काळ बघा. साम्राज्याची राजधानी, आणि आमचं ते शास्त्रशुद्ध, बाकीच्यांचं ते बेसूर असं बऱ्याच जणांना मनापासून वाटायचं. त्यात सुराचा कान नसलेला सत्तरीचा माणूस उठतो आणि आकडे टाकून सांगतो की बाबांनो, हे लोक बेसूर नाहीत. ते त्यांच्या सुरात अगदी नेमके आहेत. कदाचित कान नव्हता हेच त्याच्या पथ्यावर पडलं असावं. कान असता तर त्या कानाने आधीच निकाल दिला असता. माझ्या कानाने दिला तसा.

पण मग थरथरणाऱ्या सुईचं काय? वेगळं सप्तक हे एक वेळ मान्य. पण एकाच सुराची दोन वाद्यं आपापसात जुळू नयेत?

इथे बालीची गंमत आहे. तिथे पट्ट्यांची वाद्यं जोडीने घडवतात. एक किंचित खाली, एक किंचित वर. दोघांना वेगळी नावंसुद्धा आहेत: खालचं पेंगुंबांग, वरचं पेंगिसेप. दोन्ही एकदम वाजली की विस्पंद उठतात आणि आवाज पाण्यावरच्या उन्हासारखा लकाकायला लागतो. ह्या हेलकाव्याला ते ओंबाक म्हणतात, म्हणजे लाट. सेकंदाला किती लाटा उठाव्यात हे वाद्यं लावणारा कारागीर कानाने ठरवतो. प्रत्येक संचाची लाट वेगळी, सप्तकही किंचित वेगळं, त्यामुळे एका संचातलं वाद्य उचलून दुसऱ्यात बसवता येत नाही.

म्हणजे बघा, एलिससाठी विस्पंद ही मोजायची फूटपट्टी होती. पियानो लावणाऱ्यासाठी एकाच सुराच्या तारांमधले विस्पंद म्हणजे काम अर्धवट राहिल्याची खूण. आणि बालीच्या कारागिरासाठी त्या वाद्याचा जीव. भौतिकशास्त्र तिन्हीकडे एकच, पण अर्थ तीन. माझी सुई जे थरथरणं बग म्हणून दाखवत होती, ते घडवण्यात त्या कारागिराने आठवडे घातले असतील.

आता जरा घरी येऊ. कारण हे धडे बालीला जाऊनच शिकायला पाहिजेत असं नव्हतं.

आमच्या घरी आजीचा मिरजेचा तानपुरा आहे. लहानपणी मला वाटायचं की त्याची तार कुठेतरी घासते, म्हणून असा झण्ण आवाज येतो. एकदा मी घोडीवरचा दोऱ्याचा तुकडा कचरा समजून काढून टाकला. आवाज एकदम स्वच्छ झाला आणि आजी स्वयंपाकघरातून धावत आली. त्या दोऱ्यामुळे तार घोडीच्या किंचित उतरत्या पाठीवर नेमकी टेकते आणि सुरातून दुसरे सूर फुलतात. हीच जवारी. पुढे कळलं की ह्या घोडीने सी. व्ही. रामन यांनाही विचारात पाडलं होतं. तार एखाद्या ठरावीक जागी छेडली तर काही उपस्वर उमटायलाच नकोत, असं हेल्महोल्ट्झचं ध्वनिशास्त्र सांगतं. वीणा आणि तानपुऱ्यात ते उमटतात, असं रामन यांनी १९२१ साली दाखवून दिलं. आणि ही खरखरीची हौस एकट्या आपलीच नाही. झिंबाब्वेतल्या म्बिरा ह्या वाद्याला शिंपले किंवा बाटल्यांची बुचं मुद्दाम बांधतात, आवाज गुणगुणावा म्हणून.

मोजपट्टी हातात आली की काय काय होऊ शकतं, तेही आपल्याकडे घडून गेलंय. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तिका लिहिली. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यावर त्यांनी आपली मोजमापं पडताळून पाहिली. अर्नेस्ट क्लेमंट्स हा ब्रिटिश सनदी अधिकारी त्यांना येऊन मिळाला आणि श्रुतींची खास पेटी तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती सादर झाली, पण भातखंड्यांसारख्या जाणकारांना काही पटली नाही. पुढे १९६३ साली नझीर जैराजभॉय आणि स्टोन यांनी वादकांची रेकॉर्डिंग मोजली, तर एकाच रागातला एकच स्वर कलाकारागणिक हललेला निघाला. श्रुती म्हणजे खिळ्यांची रांग नव्हे, हे गवयांना ठाऊक होतंच.

उलट टोकही आपण गाठलं. पेटीच्या ठाम पट्ट्यांवर मींड निघत नाही म्हणून १९४० पासून १९७१ पर्यंत रेडिओवर पेटीला बंदी होती. त्याच काळात इथे नाटकाच्या खड्ड्यात, भजनात, मैफलीत पेटी सुखेनैव वाजत होती आणि ऐकणारे डोळे मिटून डोलत होते. म्हणजे दुसऱ्याच्या मापाने स्वतःला मोजायचं आणि मग स्वतःलाच नापास करायचं, हा प्रकारही झालाच की.

मग "संगीत ही विश्वाची भाषा आहे" हे नुसतं भाषणात म्हणायचं वाक्य का? अगदी तसंही नाही. २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ८६ छोट्या समाजांमधली ११८ गाणी, प्रत्येकाचा १४ सेकंदांचा तुकडा, आणि ऐकणारे ६० देशांतले ७५० जण. नाचाचं गाणं आणि अंगाई लोकांनी चांगली ओळखली. आजार बरा करण्यासाठी गायलेलं गाणंही बऱ्यापैकी. प्रेमगीत मात्र ओळखता येईना. (ह्यावर काय बोलावं!) उलट बाजूला, २०१६ साली बोलिव्हियाच्या जंगलातल्या त्सिमाने लोकांवरचा अभ्यास आला. आपल्याला गोड वाटणारी आणि कर्कश वाटणारी स्वरजोडी त्यांना सारखीच आवडली.

माझ्यापुरता मी ह्याचा अर्थ असा लावला: बाळाला झोपवायचंय की नाचायचंय हे जगाच्या पाठीवर कुठेही कळतं. पण सुरेल कशाला म्हणायचं हे त्या त्या गावच्या माणसालाच विचारावं लागतं. मोजायला हरकत नाही, मोजलंच पाहिजे. एलिसने मोजलं म्हणून तर जगाला कळलं. फक्त सुई अंतर सांगते, चूक सांगत नाही. चूक म्हणायची तर त्या माणसाला कुठे पोचायचं होतं हे आधी माहीत पाहिजे. आणि मी ते विचारलंच नव्हतं.

मागच्या रविवारी तो जुना प्रोग्रॅम काढून बसलो. कोडमधला लाल रंग काढून टाकला. आता सुई फक्त किती सेंट ते दाखवते. आणि दोन सूर एकदम आले तर सेकंदाला किती लाटा, तेही खाली लिहून येतं. आजीच्या तानपुऱ्यावर लावून पाहिलं, सुई मजेत थरथरत होती.

बालीच्या त्या मित्राला मेल टाकलंय. त्याच्या मंडळाचं ते रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायला मिळेल का, एवढंच विचारलंय. उत्तर अजून आलेलं नाही. बघू.