कांदोळी ते रोम : बापलेकांचा विद्याप्रवास

अंधेरीच्या पूर्वेला सहार नावाचे आपल्या कॅथलिक समाजाचे एक जुने गाव आहे. आरोग्यमातेच्या नावे उभारलेले तेथील ख्रिस्तमंदिर, दारापुढचे क्रूस आणि अरुंद गल्ल्या यांच्या पलीकडे आंतरराष्ट्रीय विमानतळ पसरला आहे आणि लोकांच्या तोंडी तो अजूनही 'सहार'च आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील कितीतरी आईबाप मध्यरात्री आपल्या मुलांना या दाराशी निरोप देतात. मुलगा उच्च शिक्षणासाठी परदेशी निघालेला असतो. सामानाचे वजन, शिष्यवृत्तीचे कागद आणि कर्जाचे हप्ते यांची चिंता बोलून दाखवली जाते. जी बोलून दाखवली जात नाही, ती चिंता एकच असते, ती म्हणजे मुलगा परत येईल काय?

हा प्रश्न विमानाच्या युगातला नाही. शिडाच्या जहाजातून विद्येसाठी निघालेल्या आपल्या पूर्वजांच्या घरांतही तो विचारला गेला होता. त्या प्रवाशांपैकी ज्याचा वृत्तांत बऱ्यापैकी तपशीलाने हाती लागतो, असा एक म्हणजे गोव्याच्या कांदोळी गावचा जुझे कुस्तोदियो फारिया. पुढे फ्रान्समध्ये तो 'आबे फारिया' या नावाने प्रसिद्धी पावला. त्याच्या चमत्कारिक कीर्तीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे आपल्याला पाहायचा आहे तो त्याचा विद्यार्थिदशेतील प्रवास आणि त्या प्रवासाने मागितलेली किंमत.

प्रथम आपल्या साष्टीची त्या काळची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. बोरिवलीजवळ मंडपेश्वरच्या लेण्यांच्या माथ्यावर फ्रान्सिस्कन संन्याशांनी सोळाव्या शतकात मठ आणि विद्यालय उभारले होते. त्याचे भग्नावशेष माउंट पोयसरच्या टेकडीवर आजही पाहावयास मिळतात. १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी साष्टी आणि वसई जिंकली, युरोपीय व्रतस्थ निघून गेले आणि ही विद्यापीठे ओस पडली. परंतु श्रद्धेचा दिवा विझला नाही. गोव्याहून आलेल्या देशी धर्मगुरूंनी साष्टीतील धर्मग्रामे सांभाळली. आपल्या खापरपणजोबांचे बाप्तिस्मे आणि विवाह त्यांच्याच हातून झाले. या धर्मगुरूंची निष्ठा वादातीत होती. मात्र त्यांच्यापुढे एक अदृश्य भिंत उभी होती. गोव्याच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकता येत असे. पण डॉक्टरेटसारखी मानाची पदवी हवी असेल तर युरोप गाठणे भाग होते. बिशपपदासारखी अधिकाराची स्थाने तर युरोपीयांकडेच राहत.

या भिंतीला पहिली धडक देणारा विद्यार्थी दिवाडी बेटावरचा माथेव द कास्त्रो होय. गोव्यात गुरुदीक्षेची वाट बंद असल्याचे पाहून तो सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात पोर्तुगीज जहाजाचा आधार न घेता इराणमार्गे खुष्कीने रोमला पोहोचला. श्रद्धाप्रसाराचे काम पाहणारी 'प्रोपागांदा फिदे' ही संस्था १६२२ साली तेथे स्थापन झाली होती. तिच्या छायेखाली त्याने अध्ययन केले, १६३० साली गुरुदीक्षा घेतली आणि १६३७ साली तो बिशप झाला. गोव्याच्या अधिकाऱ्यांनी मात्र त्याला सुखाने नांदू दिले नाही. म्हणजे विद्या मिळाली, पदही मिळाले, पण मायभूमीत त्या पदाला पाट मांडला गेला नाही.

यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी परिस्थितीने कूस बदलली. पोर्तुगालचा प्रधान मार्क्विस पोंबाल याने १७५९ साली येशूसंघीयांना हद्दपार केले. १७६१ साली राजाज्ञा निघाली, की पूर्वेकडील देशी ख्रिस्ती प्रजाजनांना पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांच्या बरोबरीचे हक्क असावेत. कागदावर तरी भिंतीत दरवाजा पडला. कांदोळीच्या एका घरात त्या दरवाजाकडे आशेने पाहिले जात होते.

त्या घरची कथा विलक्षण आहे. कोलवाळचे कायतान व्हितोरिन फारिया हे तरुणपणी धर्मगुरू होण्यासाठी शिकत होते. पण तो मार्ग सोडून त्यांनी कांदोळीच्या रोझा मारिया द सौझा हिच्याशी विवाह केला. १७५६ साली त्यांना जुझे हा पुत्र झाला. पुढे पतिपत्नीचे पटेना. उभयतांच्या संमतीने आणि ख्रिस्तसभेच्या परवानगीने ते विभक्त झाले. कायतान यांनी अर्धवट राहिलेले अध्ययन पूर्ण करून गुरुदीक्षा घेतली आणि रोझा मारियाने जुन्या गोव्यातील सांता मोनिका या मठात प्रवेश केला. हा मठ १६०६ साली स्थापन झालेला असून पूर्वेकडील धर्मभगिनींच्या आद्य मठांत त्याची गणना होते. आई मठात, बाप वेदीपाशी आणि मुलगा बापाच्या बोटाला, अशा रीतीने एका संसाराच्या तीन वाटा झाल्या.

१७७१ साली बापलेक लिस्बनला जाण्यासाठी निघाले. त्या वेळी जुझे चौदा-पंधरा वर्षांचा होता. कांदोळीच्या मुलाला जहाजे काही नवी नव्हती. गावाच्या टोकालाच आग्वादचा किल्ला आहे आणि तेथील गोड्या पाण्याच्या झऱ्यावर जहाजे पाणी भरून घेत. 'आग्वाद' या नावाचा अर्थच मुळी पाणवठा असा होतो. परंतु किनाऱ्यावरून जहाज पाहणे वेगळे आणि त्यात पाऊल ठेवणे वेगळे.

हा प्रवास कसा असे, याची आज कल्पना करणेही अवघड आहे. सुवेझचा कालवा १८६९ साली खुला झाला. त्यापूर्वी युरोपला जाणारे जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालूनच जाई. हिवाळ्यात ईशान्येकडून वारे वाहू लागले, की गोव्याहून जहाजे सुटत. मुहूर्त चुकला तर वर्ष फुकट जाई. वाटेत वारा पडला, शीड फाटले वा डोलकाठी मोडली, की महिनेच्या महिने वाढत. पिंपातील पाण्याला वास येई, बिस्किटांत किडे होत आणि ताज्या भाजीफळांवाचून हिरड्या सुजवणारा स्कर्व्ही रोग प्रवाशांना गाठी. लिंबाच्या रसाने तो बरा होतो, हे जेम्स लिंड या वैद्याने १७५३ सालीच प्रसिद्ध केले होते. परंतु ब्रिटिश आरमारानेदेखील तो उपाय सर्रास अंगीकारला तो १७९५ साली.

अशा जहाजावर धर्मगुरू असत, प्रार्थना होत, सणही पाळले जात. मात्र डोलणाऱ्या जहाजावर प्याला कलंडेल या भीतीने जुन्या काळच्या पोर्तुगीज जहाजांवर पुष्कळदा 'कोरडी मिस्सा' होत असे. म्हणजे प्रार्थना आणि वाचने व्हायची, पण भाकर आणि द्राक्षरस यांचे पवित्रीकरण नसे. मिस्साबलीची भूक किनारा लागेपर्यंत तशीच बाळगावी लागे. २३ नोव्हेंबर १७७१ रोजी हे बापलेक लिस्बनला उतरले. तेथे वर्षभर खटपट करून त्यांनी राजा पहिला जुझे याची मर्जी संपादन केली आणि राजाश्रयाने ते रोमला गेले. बाप डॉक्टरेटसाठी आणि लेक गुरुदीक्षेच्या अध्ययनासाठी, असे दोघेही विद्यार्थी झाले!

मुलाने प्रोपागांदा फिदेच्या महाविद्यालयात शिक्षण घेतले. पोप आठवे उर्बान यांनी १६२७ साली स्थापन केलेल्या या महाविद्यालयात देशोदेशींचे तरुण एकत्र शिकत. १७८० साली जुझेला गुरुदीक्षा मिळाली. ईशज्ञानातील डॉक्टरेटही त्याने मिळवली आणि आपला प्रबंध पोर्तुगालची राणी पहिली मारिया हिला अर्पण केला. पवित्र आत्म्याविषयीचा दुसरा निबंध त्याने पोपमहाशयांना अर्पण केला. लिस्बनला परतल्यावर राणीच्या प्रार्थनालयात प्रवचन देण्याचा मान त्याला मिळाला. या प्रसंगाची एक आख्यायिका गोव्यात घरोघरी सांगितली जाते. दरबारी मंडळी पाहून तरुण फादरची जीभ अडखळली, तेव्हा व्यासपीठाखाली बसलेल्या वडिलांनी हळूच कोंकणीत म्हटले, "ही सोगळी भाजी, कातर रे भाजी!" समोरची ही सगळी केवळ भाजी आहे, बेधडक काप, एवढाच त्याचा अर्थ. मुलगा सावरला आणि अस्खलित बोलला. घटना तंतोतंत अशीच घडली असो वा नसो, परमुलखात धीर द्यायला शेवटी मायबोलीच धावून येते, हे समाजाच्या स्मृतीने त्यातून जपून ठेवले आहे.

येथवरची कथा यशाची आहे. पण एवढे शिकलेल्या या धर्मगुरूला गोव्यात कोणते स्थान होते? १७८७ साली या प्रश्नाचा स्फोट झाला. लिस्बनला जाऊनही देशी म्हणून डावलले गेलेले काही गोमंतकीय धर्मगुरू आणि काही सैनिक यांनी पोर्तुगीज सत्ता उलथून टाकण्याचा बेत केल्याचे उघडकीस आले. इतिहासात हा 'पिंटोंचा उठाव' म्हणून ओळखला जातो. १७८८ साली पणजीत पंधरा जणांना फाशी देण्यात आले. संशयाचे सावट लिस्बनमधील फारिया बापलेकांवरही पडले आणि त्याच वर्षी जुझे फारिया पॅरिसला निघून गेला.

पुढे त्याने फ्रेंच राज्यक्रांतीची धामधूम पाहिली, मार्सेय येथे तत्त्वज्ञान शिकवले आणि १८१३ पासून पॅरिसमध्ये संमोहनावर व्याख्याने दिली. संमोहनाची निद्रा कोणा जादुई द्रव्यामुळे नव्हे, तर निद्रिस्ताच्या स्वतःच्या मनावर झालेल्या सूचनेमुळे येते, हा त्याचा सिद्धांत पुढील शास्त्रज्ञांनी उचलून धरला. २० सप्टेंबर १८१९ रोजी पॅरिसमध्येच त्याचे निधन झाले. गोव्याने त्याचे स्वागत केले ते १९४५ साली, पणजीत शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला त्याचा पुतळा उभारून. माणूस मात्र कधीच परतला नव्हता.

विद्येसाठी समुद्र ओलांडणाऱ्याला तीन गोष्टी लागतात : घरच्यांचा त्याग, सत्तेची परवानगी आणि परतल्यावर बसायला जागा. फारियाला पहिल्या दोन लाभल्या, तिसरी लाभली नाही आणि म्हणून त्याची सारी विद्या परक्या नगरीत खर्ची पडली.

ती तिसरी गोष्ट आपल्या मुंबईत घडायला विसावे शतक उजाडावे लागले. १९२६ साली गुरुदीक्षा घेतलेले तरुण फादर व्हॅलेरियन ग्रेशियस पुढील वर्षी रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात शिकायला गेले. ते तेथे असतानाच १९२८ साली रोम आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला, की मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा. भारतीय माणसाला त्या पाळीत स्थानच नव्हते! तरीही फादर ग्रेशियस परतले आणि येथेच सेवा करीत राहिले. १९४६ साली ते साहाय्यक बिशप झाले. त्या वेळचे इंग्रज आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी एक दुर्मीळ गोष्ट केली. भारतीय उत्तराधिकाऱ्यासाठी वाट मोकळी व्हावी म्हणून ते स्वतःच मुंबईतून दूर झाले. १९५० साली ग्रेशियस आर्चबिशप झाले आणि १९५३ साली भारताचे पहिले कार्डिनल. फारियाला हवी होती ती रिकामी खुर्ची कुणीतरी उठून द्यावी लागते, हे आर्चबिशप रॉबर्ट्स यांनी जाणले होते.

आज आपल्या महाधर्मप्रांताचे धर्मगुरू गोरेगावच्या सेंट पायस महाविद्यालयात घडतात आणि अधिक अध्ययनासाठी त्यांच्यापैकी काही जण रोमला जाऊन परत येतात. आपली इतर मुले डॉक्टर, परिचारिका, अभियंते होण्यासाठी जातात. त्यांनी परत यावे असे आपल्याला वाटत असेल, तर त्यांच्या शिकलेल्या मतांना धर्मग्रामाच्या मंडळात, आपल्या संस्थांत आणि घरच्या बैठकीतही जागा ठेवावी लागेल. केवळ पाणावलेल्या डोळ्यांनी निरोप देऊन ते काम भागत नाही.

आणि जाणाऱ्यांचा इतिहास लिहिताना राहिलेल्यांची आठवण विसरू नये. बाप आणि लेक जगाच्या नजरेत भरले; सांता मोनिकाच्या जाड भिंतींआड प्रार्थना करणाऱ्या रोझा मारियाचा पुतळा कुठेही नाही. आपल्या मुलाने रोममध्ये गुरुदीक्षा घेतली, तेव्हा त्याची पहिली मिस्सा तिला ऐकता आली नाही. त्या प्रवासाचे सर्वांत मोठे भाडे तिनेच भरले होते.