चहात काय घालावे, हे कोणी ठरवायचे?



माझ्या फडताळातल्या एका परदेशी चहाच्या डब्यावर सूचना छापली आहे : पाणी उकळले की पुडीवर ओता, तीन मिनिटे ठेवा, दूध-साखर घालू नका. दुसऱ्यावर पाच मिनिटे आहेत. तिसऱ्या डब्यात तर चहाचे पानच नाही, नुसती वाळलेली फुले आहेत, तरी नाव 'टी' असेच. आपल्याकडे आले ठेचून, गवती चहाची पात मुरगाळून, दुधासकट खळखळ उकळतात. त्याला हे डबेवाले बहुधा चहा म्हणणार नाहीत. इतिहास शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. कोणी 'हीच खरी रीत' म्हणाले की माझा पहिला प्रश्न असतो, कधीपासून?

आमची चाखणी

लेक येताना डबे आणते, भाचेमंडळी दिवाळीला देतात, असे करत नऊ प्रकार जमले होते. यंदा पावसाळ्यात मी आणि थोरल्या जाऊबाईंनी रोज दुपारी दोन-दोन प्रकार शेजारी ठेवून चाखले. नियम साधे. आतून पांढरे असलेले सारखे कप, पाण्याचे माप एकच, वर झाकण, पाच मिनिटे. साखर नाही, दूध नाही. दोन प्रकारांच्या मध्ये घोटभर कोमट पाणी आणि चार कुरमुरे. आधी वास घ्यायचा, मग घोट, आणि दोघींनी आपापले मत वहीत लिहून झाल्यावरच बोलायचे. नाहीतर जाऊबाईंचे मत तेच माझे मत होऊन बसते!

कॅमोमाइलबद्दल त्यांनी लिहिले, 'शेवंतीच्या हारावरचे पाणी'. मी लिहिले होते, 'वाळले गवत, मागून सफरचंद'. गंमत म्हणजे दोन्ही बरोबर. हे फूल शेवंतीच्याच कुळातले, आणि त्याच्या मूळ ग्रीक नावाचा अर्थ 'जमिनीवरचे सफरचंद' असा आहे.

'हिबिस्कस' लिहिलेला चहा लालभडक आणि चांगलाच आंबट. जाऊबाईंनी पहिल्या घोटातच ओळखले, 'अगं, ही तर अंबाडी!' नाव जास्वंदीचे असले तरी ही अंगणातली जास्वंद नव्हे. लाल अंबाडीच्या बोंडांवरच्या मांसल पाकळ्या वाळवून हे पेय करतात. इजिप्त-सुदानकडे त्याला करकदे म्हणतात. आपण त्याच अंबाडीचे सार आणि चटणी करतो.

जास्मिन म्हणजे खरा चहा, पण मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा वास दिलेला. चीनमध्ये चहाच्या पानांत संध्याकाळी कळ्या मिसळतात. रात्री कळ्या उमलतात, पाने वास ओढून घेतात, सकाळी फुले काढून टाकतात, आणि उंची मालासाठी हेच पुन्हापुन्हा करतात. उकळते पाणी ओतले तर हा कडवट होतो, जरा निवू द्यावे लागते. अर्ल ग्रेला बर्गमॉट नावाच्या लिंबू-संत्र्याच्या भावंडाच्या सालीचे तेल लावलेले असते. रुइबॉस दक्षिण आफ्रिकेतल्या एका झुडपाचा. लाकडासारखा, किंचित गोडसर, आणि दूध सहन करणारा.

सर्वांत जास्त फरक दिसला तो आपल्या गवती चहात. तीच पात, तेच पाणी. एकदा वर आधण ओतून झाकून ठेवले, एकदा दहा मिनिटे उकळले. झाकलेल्यात वास जास्त, रंग फिका. उकळलेल्यात रंग आला, थोडा तिखटपणा आला, पण वास स्वयंपाकघरभर पसरून कपात उणा पडला. लिंबाच्या सालीत जे सुगंधी द्रव्य असते तेच या पातीत असते, आणि ते वाफेबरोबर उडून जाते.

फांट आणि काढा

हा फरक आपल्या जुन्या वैद्यांना चांगला ठाऊक होता. चरकसंहितेत वनस्पतीचा गुण उतरवून घेण्याच्या पाच रीती दिल्या आहेत : स्वरस, कल्क, शृत, शीत आणि फांट. म्हणजे पिळून काढलेला रस, वाटून केलेला गोळा, उकळून केलेला काढा, थंड पाण्यात भिजत घालून केलेला, आणि गरम पाणी ओतून गाळून घेतलेला. डब्यावरची सूचना म्हणजे फांट. चूल पेटवून आटवतो तो काढा. नाजूक फूलपानाला फांट आणि साल-मुळीला काढा, हे घरातल्या बायकांनाही पोथी न वाचता कळत होते.

युरोपातही तसेच. वनस्पतींच्या अशा पेयाला फ्रेंच लोक तिझान म्हणतात. तो शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ जवाचे पाणी. म्हणजे आपल्या पेजेची बहीणच! चहाचे झाड तिकडे पोचण्यापूर्वीच ही पेये होती, तशी आपल्याकडेही होती. चहाने फक्त त्यांना आपले नाव दिले. गवती चहात तरी चहा कुठे आहे?

सुरतेचा मसाल्याचा चहा

मग दोन्ही एकत्र कधी आले? जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री १६८९ मध्ये सुरतेत होता. शिवाजी महाराजांनी सुरत पहिल्यांदा लुटली १६६४ मध्ये, त्यानंतर पंचवीस वर्षांनी. त्याचे प्रवासवर्णन १६९६ मध्ये लंडनला छापले गेले. सुरतेचे वाणी लोक चहात गरम मसाले उकळतात, खडीसाखर किंवा मुरवलेले लिंबू घालतात, आणि डोकेदुखी, पोटदुखी, मूतखडा यांवर घेतात, असे त्याने लिहिले आहे. त्याही आधी, १६३८ मध्ये, मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी सुरतेत रोजच्या बैठकीत चहा पीत होता.

याचा अर्थ नीट पाहा. आसामात रॉबर्ट ब्रूसला चहाची झाडे दाखवली गेली १८२३ मध्ये. तिथले सिंगफो लोक ती पाने आधीपासून वापरत होते. आसामचा चहा लंडनच्या लिलावात उभा राहिला जानेवारी १८३९ मध्ये. त्यानंतर मळे वाढले, आणि त्यांवर छोटा नागपूर, ओडिशा या भागांतून करारावर नेलेल्या मजुरांचे हाल झाले, तो वेगळा आणि मोठा विषय आहे. पण हिंदुस्थानात मळेवाल्यांचा चहा येण्याच्या सव्वाशे-दीडशे वर्षे आधी सुरतेच्या घरांत मसाला घातलेला चहा उकळत होता. चिनी पान आले आणि आपल्या काढ्याच्या भांड्यात पडले. मळ्यांचा चहा नंतरचा, मसाल्याचा आधीचा.

सांगणारे तिघे

त्यानंतर चहा कसा प्यावा, कोणाबरोबर प्यावा, हे सांगणारे बरेच झाले.

पहिले धर्मवाले. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी होती. कोणी प्याले, कोणी कप नुसता हातात धरला. गोपाळराव जोश्यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापवली आणि गावात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ते झाली. रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतले, तेव्हा रमाबाईंना काय वाटले ते त्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'त जरूर वाचावे. कपात काय होते हा प्रश्नच नव्हता, तो कोणाच्या हातचा होता एवढाच होता.

दुसरे व्यापारवाले. १९०३ मध्ये सरकारने कायदा करून चहाच्या निर्यातीवर उपकर बसवला, आणि तो पैसा चहाच्या प्रचारासाठी वापरला. पहिल्या महायुद्धानंतर, आणि विशेषतः १९३० च्या दशकातल्या मंदीत, बाहेर खप घटला तेव्हा या मंडळींनी आपल्या घरांकडे मोर्चा वळवला. बाजारात, गिरण्यांत, स्टेशनांवर फुकट कप वाटले. देशी भाषांत पाट्या लावल्या : ताजे पाणी उकळा, किटली आधी गरम करा, माणशी एक चमचा आणि किटलीसाठी एक, पाच मिनिटे मुरू द्या, दूध नंतर घाला. लोकांनी चहा घेतला, पाटी सोडून दिली. दूध, साखर, आले वाढले की पूड कमी लागते, आणि यांना तर पूडच खपवायची होती! पुढे १९३० च्या सुमारास आसामात सीटीसी यंत्र निघाले. त्याच्या बारीक दाण्यांना झटकन रंग सुटतो, आणि दुधात उकळले तरी चव टिकते. म्हणजे पाटीला घर शरण गेले नाही, उलट आपल्या उकळण्याला सोयीची पूड कारखान्यातून येऊ लागली. पुण्यात राजस्थानी श्रीमाळी मंडळींच्या अमृततुल्यांनी पितळी पातेल्यात वेलदोडा-आले घालून उकळलेल्या चहालाच प्रतिष्ठा मिळवून दिली.

तिसरे आरोग्यवाले. गांधीजींनी १९४२ मध्ये, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना, आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. पाने उकळली की टॅनिन उतरते, ते अपायकारक. घ्यायचाच तर गाळण्यात पाने ठेवून वरून गरम पाणी ओतावे, रंग गवताच्या काडीसारखा फिका असावा, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे पुन्हा फांट! आजच्या डब्यांवरची सूचना याच घराण्यातली.

त्यांचे सगळेच चूक असे मी म्हणत नाही. जास्मिन उकळला तर वाया जातो, हे आम्ही जिभेने पाहिले. पण एकच रीत सगळ्या पानांना लावणे आणि दुसरीला अडाणी ठरवणे, हे इतिहासाला धरून नाही. जीभ पारखते आणि ठेवते, हाच तीनशे वर्षांचा अनुभव आहे.

जे लिहिलेले नाही

मला खटकते ते वेगळेच. ओव्हिंग्टनचे पुस्तक छापले गेले, प्रचारवाल्यांच्या पाट्या संग्रहालयांत गेल्या, गांधीजींचे मत पुस्तकात आहे. घरांतल्या बायकांनी काय घातले, किती घातले, ते कुठे आहे?

आमच्या सासूबाई मालवणकडच्या. त्या थंडीत कशाय करत. धने, जिरे, बडीशेप, चार मिरी भाजून भरड कुटायची, पाण्यात उकळायची, गूळ आणि दूध घालून गाळायचे. गोव्या-कारवारकडे हे घरोघर होते, अजूनही बऱ्याच घरांत आहे. पण सासूबाईंच्या कुटात आणखी एक काहीतरी असे. जाऊबाईंना त्याचा वास आठवतो, नाव आठवत नाही. आम्ही सुंठ घालून पाहिली, जायफळ घालून पाहिले, मेथीचे चार दाणे घालून पाहिले. प्रत्येक वेळी त्या घोट घेतात आणि मान हलवतात, 'नाही गं, हे नाही.' त्यांचे वय आता एक्याऐंशी आहे. तो वास ओळखू शकेल अशी दुसरी व्यक्ती आमच्या घरात उरलेली नाही.

म्हणून नातेवाईक मंडळींना, विशेषतः ठाणे आणि बेळगावच्या आमच्या नणंदांच्या मुलांना, सांगणे की आईच्या जुन्या वहीत, पत्रांत, डब्याच्या झाकणावर काही लिहिलेले असेल तर लगेच कळवा. आणि बाकीच्या वाचकांनी आपापल्या घरचे प्रमाण लिहून ठेवावे : कोणते पान, किती, उकळून की झाकून, आणि कोणाच्या हातचे. ज्यांना विचारायचे ती माणसे आहेत तोवर.