ट्रॅक डेचे टायर : सेमी-स्लिकच्या आग्रहाचे खंडन

आपलीच स्पोर्ट्स कार घेऊन सर्किटवर जायचे, दिवसभर मनसोक्त चालवायची आणि संध्याकाळी त्याच टायरांवर घरी परतायचे, ही ब्रिटनमधल्या ट्रॅक डेची रीत. स्नेटरटन, कॅडवेल पार्क, कासल कूम, ब्रँड्स हॅच अशा सर्किटांवर हे दिवस भरतात आणि माझ्दा एमएक्स-५, लोटस इलीस, टोयोटा जीटी८६ यांसारख्या हलक्या गाड्या तिथे हमखास दिसतात. अशा गाडीच्या मालकाने ‘परवडणारे टायर कोणते घेऊ?’ असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते : रस्त्यावर चालणारे सेमी-स्लिक, म्हणजे मोजकी नक्षी असलेले मऊ रबराचे टायर, घे, आणि त्यातले सर्वांत मऊ रबर सर्वांत कमी पैशांत जिथे मिळेल तिथून घे. हे उत्तर इतके रूढ झाले आहे की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. मला वाटते. कारण या सल्ल्यापायी नवशिक्याचा पैसा जातो, कधी इंजिन जाते, आणि गाडी शिकण्याची उत्तम संधी तर बहुतेक वेळा जातेच.

पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, कारण तो पोकळ नाही. त्याचे म्हणणे तीन पायांवर उभे आहे. पहिला, पकड म्हणजेच सुरक्षितता. जितकी जास्त तितकी बरी. दुसरा, साधा रस्त्याचा टायर सर्किटवर तापतो, त्याच्या नक्षीचे ठोकळे फाटतात आणि एका दिवसात तो कामातून जातो, म्हणून सेमी-स्लिक अखेरीस स्वस्तच पडतो. तिसरा, निवड करणे सोपे आहे : साइडवॉलवर ट्रेडवेअरचा आकडा छापलेला असतो, तो जितका लहान तितके रबर मऊ. नानकांग एआर-१ किंवा टोयो आर८८८आर यांसारख्या टायरांची नावे या तर्काने पुढे येतात, आणि हे टायर वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. प्रश्न ते कुणी, कोणत्या गाडीवर आणि कधी घालावेत, हा आहे.

शेवटच्या पायापासून सुरुवात करतो, कारण तोच सर्वांत कच्चा आहे. ट्रेडवेअरचा आकडा अमेरिकी सरकारच्या टायर-प्रतवारीतून येतो. टेक्सासमधल्या सॅन अँजेलोच्या परिसरात सार्वजनिक रस्त्यांचा सुमारे ६४० किलोमीटरचा एक फेरा आखलेला आहे. तपासायचे टायर आणि तुलनेचा प्रमाण टायर लावलेल्या गाड्या ताफ्याने त्यावर एकूण ७,२०० मैल, म्हणजे साधारण साडेअकरा हजार किलोमीटर, चालवल्या जातात. प्रमाण टायरच्या झिजेला १०० धरून बाकीच्यांना आकडा मिळतो. ही सगळी झीज साध्या रस्त्यावर, कायद्यातल्या वेगाने, बेताच्या तापमानात झालेली असते. रबर सर्किटच्या उष्णतेत कसे वागेल, पाचव्या फेरीला पकड टिकेल की सुटेल, याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. शिवाय चाचणीतून निघालेल्या आकड्यापेक्षा कमी आकडा छापण्याची कंपनीला मुभा असते.

या मुभेने काय होते ते अमेरिकेतच दिसले. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाने ऑटोक्रॉसच्या स्ट्रीट गटासाठी किमान २०० ट्रेडवेअरची अट घातली. मग कंपन्यांनी २०० हा आकडा कायम ठेवून शक्य तितके मऊ टायर बनवायला घेतले. योकोहामा अॅडव्हान ए०५२ वर २०० आहे आणि हँकूक व्हेंटस आर-एस४ वरही २००च. पहिला एखाद-दोन फेऱ्यांत विलक्षण वेगवान, पण लवकर झिजणारा. दुसरा त्याच्याहून संथ, पण तासन्‌तास चालणाऱ्या शर्यतींत टिकतो म्हणून नाव कमावलेला. साइडवॉलवरच्या आकड्यात मात्र दोघांत काही फरक नाही. नानकांगचा एनएस-२आर तर एकाच नक्षीत १२० आणि १८० अशा दोन आकड्यांनी विकला गेला आहे. तेव्हा एका कंपनीच्या १२० ची दुसरीच्या २०० शी तुलना करून ‘हा अधिक मऊ’ असा निष्कर्ष काढणे निराधार आहे.

आता पकडीकडे येऊ. रबर डांबरातल्या खडीच्या टोकांवर दबते, पुन्हा पूर्ववत होते आणि त्या उलाढालीत काही ऊर्जा उष्णतेत गमावते; टायरच्या पकडीचा मोठा हिस्सा तिथून येतो. म्हणूनच प्रत्येक कंपाउंडला आपले असे तापमान असते. सर्किटसाठी बनवलेले रबर ऊन झाल्याशिवाय कामाला लागत नाही, आणि ते ऊन करायला वजन, ताकद आणि वेग लागतो. १९९६ ची पहिली इलीस जेमतेम सव्वासातशे किलोंची होती. नंतरची १११आरसुद्धा ९०० किलोंच्या आतच राहिली. अशी गाडी, तीही नवशिक्याच्या हाती, नोव्हेंबरातल्या ५ अंशांच्या सकाळी सेमी-स्लिकला त्याच्या तापमानापर्यंत नेऊच शकत नाही. दिवसाचा बराच भाग तो टायर थंड असतो, आणि थंड सेमी-स्लिक चांगल्या रस्त्याच्या टायरपेक्षा कमी पकडतो. गोठणबिंदूच्या आसपास असे टायर चालवू किंवा ठेवू नका, रबर तडकू शकते, अशी ताकीद उत्पादक स्वतःच देतात.

आणि समजा टायर तापला, पकड वाढली. पकड १० टक्क्यांनी वाढली की वळणातला वेग तिच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो. १०० किलोमीटर वेगाचे वळण १०५ ला जाते. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे तीही १० टक्के. चालक ही वाढलेली पकड राखून ठेवत नाही, लगेच खर्च करतो. मऊ टायर घेण्यामागचा हेतूच तो असतो. चूक झाली की गाडी जास्त वेगाने बाहेर जाते, आणि बाहेरच्या ओल्या गवतावर सेमी-स्लिक काही करू शकत नाही. त्यात कडक सांगाड्याचे हे टायर साधारणपणे कमी कोनात आपल्या कमाल पकडीला पोहोचतात आणि तिथून झटकन सुटतात. रस्त्याचा चांगला टायर आधी कुरकुरतो, मग हळूहळू सरकतो. शिकणाऱ्याला सुरक्षितता मिळते ती या पूर्वसूचनेतून.

मुळात जास्तीत जास्त पकडीचा युक्तिवाद फेरीच्या वेळेवर उभा आहे. ब्रिटनच्या ट्रॅक डेला घड्याळ लावून फेरी मोजायला बंदी असते. ओव्हरटेक करायचा तो ठरलेल्या बाजूने आणि पुढच्याच्या संमतीने. जिथे वेळ मोजायचीच नाही तिथे फेरीमागे तीन-चार सेकंद विकत घेऊन मिळवायचे काय?

कमी पकडीचा फायदा तर एका गाडीच्या निर्मात्यांनीच ओळखला होता. टोयोटाने २०१२ मध्ये जीटी८६ आणली तेव्हा तिला २१५/४५ आर१७ मापाचे मिशेलिन प्रायमसी एचपी टायर होते, प्रियसलाही बसणारे. स्पोर्ट्स कारला प्रियसचे टायर म्हणून तेव्हा बरीच नाके मुरडली गेली. मुख्य अभियंता तेत्सुया तादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो निर्णय समजूनउमजून घेतला होता. सुमारे साडेबाराशे किलो वजन आणि २०० अश्वशक्ती असलेल्या त्या गाडीची मागची चाके बेताच्या वेगालाच सरकावीत, स्टिअरिंग आणि पेडल यांचा परिणाम चालकाला हातापायांत जाणवावा, म्हणून पकड मुद्दाम कमी ठेवली होती. रबर मऊ करून जी गोष्ट झाकली जाते ती त्यांनी उघडी ठेवली. या निर्णयाची थोरवी मला अजूनही पुरेशी ओळखली गेली आहे असे वाटत नाही.

‘परवडणारे’ या हिशेबात टायरची किंमत धरली जाते, पण त्या टायरमुळे गाडीत आणखी काय बदलावे लागते ते सुटते. स्नेटरटनचे कोरम हे उजवे वळण लांबच लांब आहे. तिथे कित्येक सेकंद सगळा भार डाव्या चाकांवर जातो आणि इंजिनमधले तेलही संपमध्ये, म्हणजे तळाच्या तेलपात्रात, डावीकडे चढते. रस्त्याच्या टायरने जेवढा जोर लागेल तेवढ्यासाठी आखलेला संप सेमी-स्लिकचा जोर सोसेलच असे नाही. तेलाच्या पंपाने क्षणभर हवा ओढली की बेअरिंगवर बेतते. म्हणून मऊ टायरामागोमाग बॅफल लावलेला संप, तगडे ब्रेक पॅड, उच्च उत्कलनबिंदूचे ब्रेक ऑइल अशी रांग लागते. कॅम्बरचे, म्हणजे चाकाच्या उभ्या कलाचे, तसेच. जीटी८६ सारख्या पुढे स्ट्रट असलेल्या गाडीला कारखान्यातून जवळजवळ शून्य कॅम्बर येतो. वळणात टायर बाहेरच्या कडेवर लोळतो आणि कड खलास होते, आतला भाग तसाच राहतो. अशा गाडीला महागडा संच लावण्याआधी त्याच पैशांतले थोडे अलाइनमेंटवर घातले तर साधा टायरही जास्त टिकतो.

दिवसामागचा खर्च काढून पाहा. समजा स्वस्त सेमी-स्लिकचा संच ४०० पौंडांना पडला आणि चार ट्रॅक डे चालला : दिवसाला १०० पौंड. २०० ट्रेडवेअरचा टिकाऊ संच ५६० ला आला आणि आठ दिवस चालला : दिवसाला ७०. दुकानात स्वस्त दिसलेला सर्किटवर महाग निघाला. त्यात जाण्यायेण्याची झीज धरा. लंडनहून स्नेटरटन दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे दर खेपेला तीनशे किलोमीटर मऊ रबर नुसतेच मोटरवेवर घासले जाते.

आणि परतीचा पाऊस. ब्रिटनच्या कायद्यात नक्षीची खोली मधल्या तीन-चतुर्थांश रुंदीत, पूर्ण परिघावर, किमान १.६ मिलिमीटर हवी. सेमी-स्लिकची खोली नवा असतानाच पाच-सहा मिलिमीटर असते. नासाच्या वॉल्टर हॉर्न आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरांवरून एक सूत्र काढले : साचलेले पाणी नक्षीच्या खोलीपेक्षा जास्त झाले की टायर पाण्यावर तरंगण्याचा वेग, मैलांत, दाबाच्या वर्गमुळाच्या साधारण १०.३५ पट असतो. ३० पीएसआयला हा वेग ताशी ९१ किलोमीटर येतो. सर्किटसाठी हवा २६ वर आणली असेल आणि निघताना पुन्हा भरायची राहिली असेल तर ८५. मोटरवेची मर्यादा ११३ आहे. दिवसभर झिजवलेला सेमी-स्लिक घेऊन मुसळधार पावसात घरी येणाऱ्याला ‘रस्त्यावर कायदेशीर’ या शिक्क्याचा काय उपयोग? शिवाय ट्रॅकवर टायर मरतो तो बहुधा बाहेरच्या कडेने. मध्ये खोली भरपूर आणि कडेला तारा दिसताहेत अशी अवस्था होते, आणि तारा दिसणारा टायर रस्त्यावर आणणे बेकायदा आहे.

पूर्वपक्षाचा दुसरा पाय मात्र मी पूर्ण तोडणार नाही. नव्या रस्त्याच्या टायरची नक्षी सात-आठ मिलिमीटर उंच असते. ते उंच ठोकळे वळणात वाकतात, वाकून तापतात आणि तुकड्यातुकड्यांनी निघतात, हे खरे आहे. दीड-पावणेदोन टनांची, चारशेहून अधिक अश्वशक्तीची गाडी असे टायर एका दिवसात संपवते, आणि तिच्या मालकाला सेमी-स्लिक खरोखरच स्वस्त पडतो. पण हा निकाल हजार किलोंच्या एमएक्स-५ ला लागू करणे ही चूक आहे. हलक्या गाडीवर पाच-सहा फेऱ्या मारून आत यावे, टायर निवू द्यावा. ओपन पिट लेन असलेल्या, म्हणजे हवे तेव्हा आत-बाहेर करता येते अशा, दिवशी त्यात काहीच अडचण नसते. कोरड्या दिवसासाठी तर चार-पाच मिलिमीटर उरलेला रस्त्याचा टायर नव्यापेक्षा चांगला, कारण ठोकळे बुटके झालेले असतात. अमेरिकेत नवे टायर तासून घेतात ते यासाठीच.

म्हणून माझा सिद्धान्त असा. हलकी गाडी, पहिले काही हंगाम, त्याच टायरांवर येणेजाणे : मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ एस किंवा त्या जातीचा उन्हाळी टायर, युरोपीय लेबलवर ओल्या पकडीची श्रेणी पाहून घेतलेला. तो पुरेनासा झाला की आर-एस४ सारखा टिकाऊ २००. माप मात्र आधी पाहावे. दुसऱ्या पिढीच्या इलीसला पुढे १७५/५५ आर१६ लागतो, आणि त्या मापात निवडच थोडी असल्याने इतरांसाठी केलेल्या याद्या तिच्या कामाच्या नसतात. न्यूरबर्गरिंगच्या २०.८ किलोमीटरच्या नॉर्डश्लाइफवर जायचे असेल तर पर्यटक-फेऱ्यांच्या दिवशी तो टोलचा सार्वजनिक रस्ता समजला जातो हे ध्यानात ठेवावे. रस्त्यासाठी मान्यता नसलेला टायर तिथे चालत नाही.

भारतात हाच वाद वेगळ्या कारणाने लवकर मिटतो. जून २०२० पासून नव्या टायरांची आयात मुक्त यादीतून निर्बंधित यादीत गेली आणि भारतीय मानक ब्यूरोची मोहोर आधीपासूनच सक्तीची आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईहून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या सर्किटवर किंवा कोईम्बतूरच्या कारी ट्रॅकवर गाडी नेणाऱ्यापुढे सेमी-स्लिकची यादी फारशी उरतच नाही. तिथे थंड टायरचा प्रश्न नाही. उन्हाळ्यात डांबरच इतके तापते की मऊ रबर काही फेऱ्यांत अति तापून पकड सोडू लागते. देशात मिळणारा चांगला उन्हाळी टायर, छोटे सत्र आणि प्रत्येक सत्रानंतर गरम टायरचा दाब मोजून जास्तीची हवा सोडणे, एवढ्यावर तिथला दिवस उत्तम जातो. घरी निघताना ती हवा परत भरायची.

सेमी-स्लिकची वेळ येते ती टायर आधी दमतो आणि चालक नंतर, असे दिवसामागून दिवस होऊ लागल्यावर. तेव्हाही ते दुसऱ्या रिमच्या संचावर चढवून, सर्किटवर पोहोचल्यावर चाके बदलून वापरावेत. दोन आसनी गाडीत चार चाके मावत नाहीत, म्हणून छोटा ट्रेलर किंवा मागून येणारी मित्राची गाडी लागते, आणि तो खर्चही टायरच्या किमतीत धरायला हवा.