माळवद गेलं, उकाडा आला

आपल्या शेवगाव तालुक्यातल्या जुन्या माणसांना माळवद काय ते सांगावं लागत नाही. लाकडी तुळया, त्यावर किलचं, पाला आणि वर वीतभर पांढरी माती. भिंती दोन-दोन हात रुंद. दुपारचं ऊन माती पिऊन घ्यायची, ते आत उतरेपर्यंत दिवस मावळलेला असायचा. मे महिन्यातही पंख्यावाचून डोळा लागायचा.

खोटं कशाला बोला, त्रासही होताच. दर पावसाळ्याआधी माती टाका, तरी गळणारच. अंधार, घुशी वेगळ्या. पुढं लाकूड महागलं. 1976 ला जायकवाडी झालं, गोदाकाठची गावं पाण्यात गेली. उठलेल्या माणसांनी माळवदं कुठून घालावीत?

सरकारी दप्तरात मातीचं छप्पर म्हणजे 'कच्चं'. घरकुलाला जे अनुदान मिळतं, त्यात पत्रा नाहीतर स्लॅब. उकाड्याचा हिशेब कुणी धरलाच नाही. आता सूर्यघर योजनेत 3 किलोवॅट सोलरला 78 हजार अनुदान आहे. चांगलंय, घ्या. पण ज्याचं घरकुलच उधारीवर उभं राहिलं, त्यानं वरचे पैसे आणायचे कुठून? त्याच्या स्लॅबला चुन्याचे दोन हात दिले तरी ऊन बरंच परतून जातं. पंचायत समितीनं शेवटच्या हप्त्यासोबत चुन्याच्या दोन गोण्या द्यायला काय हरकत आहे?