नांदण्याचा हुकूम

बायको नांदायला येत नाही म्हणून नवऱ्याने दावा लावला आणि 1887 साली कोर्टाने तिला तुरुंगाची भीती घातली, हे मुंबईत घडले. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लागले, पण त्या सासरी कधी नांदल्या नाहीत. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दादाजींचा दावा फेटाळला. अपिलात तो निकाल फिरला आणि मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. सनातनी वर्तमानपत्रांनी धर्म बुडाल्याची ओरड केली; टिळकांनीही रखमाबाईंच्या विरोधात लिहिले. पण बायकोला कोर्टामार्फत घरी आणवण्याचा हा उपाय मुळात इंग्लंडच्या चर्च-न्यायालयांतला. धर्मशास्त्रांनी बायकोवर कर्तव्यांचा डोंगर रचला हे खरे, तरी अशी फिर्याद त्यांत नव्हती. परक्यांचा कायदा नवऱ्याच्या कामी आला तेव्हा तो कोणालाच परका वाटला नाही. सरकारने आमच्या घरात डोकावू नये, हा सनातन्यांचा आक्षेप म्हणूनच तपासून घ्यावा लागतो. सरकार घरात शिरलेलेच होते, आणि शिरताना त्याने बाजूही निवडली होती.

हीच गोष्ट संमतिवयाच्या वादात दिसते. 1860च्या दंडविधानाने दहा वर्षांखालच्या पत्नीशी संबंध हा बलात्कार ठरवला होता. 1890 मध्ये कलकत्त्याला फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या अत्याचाराने मेली. नवरा तिशी उलटलेला. तिचे वय दहाच्या वर भरल्यामुळे बलात्काराचा आरोप लागू होईना, आणि त्याला शिक्षा झाली ती बेदरकार कृत्याने दुखापत केल्याबद्दल, एक वर्षाची. मार्च 1891 मध्ये संमतिवयाच्या कायद्याने ही मर्यादा बारा झाली. रा. गो. भांडारकरांनी धर्मग्रंथांच्याच आधारे विधेयकाला पाठिंबा दिला, तर टिळकांनी पहिल्या ऋतुप्राप्तीनंतर करायच्या गर्भाधान संस्काराचा मुद्दा लावून धरला. टिळकांचे म्हणणे निव्वळ हटवादाचे नव्हते. सोळा वर्षांआधी मुलींची लग्ने न करण्याचे बंधन सुधारकांनी आधी स्वतःवर घालून घ्यावे, असे त्यांनी सुचवले होते. ती सूचना चांगली होती. पण ज्या घरात कोणी शपथ घेतली नाही, तिथल्या मुलीला तिचा काय उपयोग? कायदा झाल्यावरही खटले तुरळकच झाले, हे विरोधकांचे म्हणणे खरे ठरले. मात्र दहा-बारा वर्षांच्या मुलीने चार भिंतींतले दुखणे घेऊन कोर्टात कसे जावे, आणि तिच्या बाजूने नवऱ्याविरुद्ध कोणी बोलावे? खटले कमी भरण्याचे कारण तिथे शोधायला हवे.

माझी त्या कायद्याबद्दलची तक्रार वेगळी आहे. नाव ‘संमतिवय’, पण त्यात पत्नीची संमती कुठेच विचारली नव्हती. बारा वर्षे भरली की ती कायमची मिळाली असे धरले गेले. रखमाबाईंचा नकार असे धरून चालण्यालाच तर होता. 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई इंग्लंडला गेल्या, 1894 मध्ये डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरतेत दवाखाना सांभाळला. अशा हुकूमनाम्यासाठीची कैद 1923 मध्ये गेली. दावा मात्र हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 मध्ये राहिला आणि 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. बलात्काराच्या कायद्यातली पत्नीच्या वयाची अट 2017 मध्ये त्याच न्यायालयाने पंधरावरून अठरावर नेली. जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही अठरा पूर्ण झालेल्या पत्नीवर नवऱ्याने केलेली बळजबरी बलात्कार ठरत नाही.